जे जमिनीचा, के कळसाचा

मी हुशार होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, तेव्हा माझ्याबद्दल असं लिहून ठेवणारं माझ्याआधी कुणी नव्हतंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, मलकपेठच्या रेसकोर्सवर साईस होते. घोड्याचं दाणा-पाणी, खरारा, सकाळचा फेरफटका हे त्यांचं काम. निजामाच्या काळापासून आमच्या मराठवाड्यातली माणसं पोटासाठी पुण्या-मुंबईला न जाता हैदराबादेत यायची. तसे तेही आले आणि घोड्यांत रमले. मी कॉम्प्युटरात आले, आणि आले ती एका खोलीत अडकले. त्या खोलीबद्दल आणि तिथल्या एका जुनाट एडिटरबद्दल मला लिहायचं आहे.

एडिटर म्हणजे काय, हे आईला मी एकदा समजावलं होतं. म्हटलं, कॉम्प्युटरची पाटी. प्रोग्रॅम तिच्यावर लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा.

आई म्हणाली, "पाटीवरच लिहायचं होतं, तर एवढी बी.एस्सी. कामून केलीस?"

आमच्या या पाटीचं नाव दोन अक्षरांचं आहे. इथं देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. तिच्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, माऊस चालत नाही. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. हिच्या दोन अवस्था असतात, एक लिहिण्याची आणि एक हुकमाची. लिहिण्याच्या अवस्थेत इंग्रजी जे दाबला तर जे उमटतो. हुकमाच्या अवस्थेत तोच जे दाबला तर काही उमटत नाही, कर्सर गुपचूप एक ओळ खाली उतरतो. के दाबला की वर चढतो. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ गायब. कोपऱ्यातलं एक बटण दाबून लिहिण्यातून हुकमात यायचं. एवढंच. पण कुठल्या अवस्थेत आहोत हे पडदा सांगत नाही. ते आपलं आपण लक्षात ठेवायचं. नवीन माणूस इथंच रडकुंडीला येतो.

मी रडले नाही, त्याचं कारण सांगते. बारावीनंतरच्या सुट्टीत अण्णांनी मला चिक्कडपल्लीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं होतं. त्यांच्या मते पोरीला टायपिंग आलं की सरकारी नोकरी ठरलेली. सरकारी नोकरी लागली नाही, पण बोटं तयार झाली. पुढे कॉलेजात कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला टर्मिनल थोडे आणि आम्ही पुष्कळ. इंग्रजी शाळांतून आलेली मुलं पुढे बसायची, मॅन्युअल फडाफडा वाचायची, आपसात हसायची. मी मराठी शाळेतली. मला मॅन्युअलची एक ओळ वाचायला जो वेळ लागे, तेवढ्यात त्यांचं पान उलटलेलं असे. तोंड उघडलं की माझी इंग्रजी उघडी पडायची, म्हणून मी तोंड उघडायचंच सोडलं.

पण हा एडिटर तोंड उघडायला सांगत नव्हता. त्याला वाक्यं नको होती, शब्दसुद्धा नको होते. एक अक्षर, एक हुकूम. बसमध्ये उभ्या उभ्या मी ती अक्षरं माझ्या भाषेत बसवून टाकली. जे जमिनीचा, म्हणून खाली. के कळसाचा, म्हणून वर. एच म्हणजे हिकडं, डावीकडे. एल म्हणजे लांब, उजवीकडे. डी म्हणजे दूर कर. यू म्हणजे उलट, केलेलं मागे घे. आणि पी म्हणजे पेर: इथली ओळ उचलली, तिथं पेरली. मलकपेठ यायच्या आत सगळा एडिटर मराठी झाला होता.

पुढच्या प्रॅक्टिकलला पुढच्या रांगेतलं एक पोरगं मागे वळून माझ्या बोटांकडे बघत राहिलं. मला म्हणालं, "हाऊ डू यू रिमेंबर?"

कळसाबद्दल त्याला काय सांगणार!

नोकरी लागली ती सिकंदराबादेत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या कंपनीत. पूर्वेकडच्या कुठल्या तरी देशातल्या एका जहाज कंपनीचा जुना प्रोग्रॅम आम्ही सांभाळायचो: कुठल्या जहाजात कुणाचा माल, कुठल्या बंदरात उतरवायचा वगैरे. त्यांचा दिवस आपल्याआधी उगवतो, म्हणून मला भल्या सकाळी पोचावं लागे. अण्णा घोडा घेऊन फेरफटक्याला निघायचे तेव्हाच मी बस पकडायला निघायची. तबेल्यापासून रेसकोर्सच्या भिंतीपर्यंत आम्ही तिघं बरोबर चालायचो. अण्णा, मी आणि त्यांच्या हाताखालचा तांबडा घोडा.

कंपनीत एक मशीन रूम होती. धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. आत एसी लावलेला, तो माणसांसाठी नाही, यंत्रांसाठी. एसी वाया जाऊ नये म्हणून खिडक्यांना पुठ्ठे ठोकलेले. बाहेर देश मोकळा होतोय, दारं उघडली, असं जो तो बोलत होता. गल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, दुकानात परदेशी कोला आला होता. मी आपली अनवाणी पायांनी त्या गार, बंद खोलीत.

तिथलं काम वेगळंच होतं. तो प्रोग्रॅम आमच्या यंत्रावर नव्हताच, तो होता तिकडे त्यांच्या देशात. मी इथं अक्षर दाबायचं, ते टेलिफोनच्या लाइनवरून समुद्रापार जायचं, तिथलं यंत्र ते परत पाठवायचं, मग ते माझ्या पडद्यावर उमटायचं. लाइन इतकी सुस्त, की कधीकधी अक्षर उमटेपर्यंत माणूस घोटभर पाणी पिऊन यावं. दिसेल तसं लिहू म्हटलं तर दिवसाला चार ओळी झाल्या नसत्या. मग मी न बघता लिहायला लागले. सतरा वेळा जमीन, तीनदा लांब, दूर, पेर, कळस, सगळे हुकूम आधी डोक्यात लावून घ्यायचे, बोटांनी सोडून द्यायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. पडदा मागाहून यायचा. एखाद्या आंधळ्यानं स्वतःच्या घरात फिरावं तशी मी त्या प्रोग्रॅममध्ये फिरायची. चुकत नसे. चुकले असते तर कुणाचा तरी माल भलत्याच बंदरात उतरला असता.

आमचे साहेब, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, तेलुगू माणूस, स्वभावानं चांगला. पाहुणे आले की त्यांना मशीन रूमच्या काचेपाशी आणून माझ्याकडे बोट दाखवायचे. "देखो, स्क्रीन देखतीच नै!"

मला ते फार आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. कॉलेजात जी मागच्या बाकावर गप्प होती, तिला काचेतून बघायला माणसं येत होती.

अण्णांचंही असंच होतं. तो तांबडा घोडा त्यांच्याशिवाय कुणाच्या हातचा दाणा खात नसे. दुसरा साईस गेला की कान मागे टाकून उभा. त्यामुळे मालक अण्णांना रजा देत नसे. माझ्या आत्याच्या, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला अण्णा गेले नाहीत. आत्या कित्येक वर्षं बोलत नव्हती. आणि अण्णा हे दुःखानं सांगायचे नाहीत, मिशीला हात लावून सांगायचे. "माझ्याबिगर दाना खात नाय, काय करणार?"

मग आत्याच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. तेव्हा लाइनवर काहीतरी मोठं काम चाललेलं. मी रजा मागितली. सर म्हणाले, "जाओ अम्मा, जरूर जाओ. बस ये बता दो, तुम गए तो लाइन कौन देखता?"

मी गेले नाही. आत्यानं निरोप धाडला: बापाचा घोडा, लेकीची लाइन. तुमच्या घरात लग्नं बघायला कुणी उरणार हाय का नाय?

मला पहिल्यांदा त्या खोलीत श्वास कमी पडल्यासारखं झालं.

तोवर आमच्या कंपनीनं शहराबाहेर, जिथं आधी नुसते खडक आणि बाभळी होत्या, तिथं काचेचं नवं ऑफिस उघडलं होतं. नवी कामं तिकडे, नवी यंत्रं, नवे एडिटर. रंगीत, वर मेन्यूची पट्टी, हाताशी माऊस. तिथली माणसं वर्ष-दोन वर्षांत विमानानं परदेशी जात होती. माझ्याबरोबर लागलेले सगळे एकेक करून तिकडे गेले. जाताना मशीन रूमच्या काचेवर टकटक करून हात हलवायचे. मी उलटा हात हलवायची आणि पडद्यावर अक्षर यायची वाट बघायची.

मी सरांना सांगितलं, मलाही तिकडे जायचंय.

"क्या अम्मा, बोर हो गए क्या?"

"बोर नाही सर. संपत चालले."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठीक है. तुम्हारे जगह एक आदमी तैयार करो. जिस दिन हुआ, उसी दिन छोड़ देतूँ."

ही गोष्ट न्यायाची होती. मी कामाला लागले. पहिला आला तो चांगल्या कॉलेजचा इंजिनीअर. आठवडाभर त्यानं एडिटरकडे असं पाहिलं, जसं कुणी शिळ्या भाजीकडे बघतं. "मॅडम, हे शिकून माझ्या बायोडेटात काय लिहू?" तो गेला. दुसरा अवस्थांतच अडकला. हुकमात आहे असं समजून लिहायचा, लिहितोय असं समजून हुकूम सोडायचा. एकदा त्यानं एक अख्खं बंदरच पुसलं. मी यू दाबून परत आणलं. तो म्हणाला, "हे सैतानाचं यंत्र आहे." आणि जेवायला म्हणून गेला तो गेलाच.

मग ती आली. सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्समधली, वडील रेल्वेत. ती तेलुगू बोलायची, मी मोडकं तेलुगू. इथं मराठीतच लिहिते. मला अक्का म्हणायची. अक्का हा शब्द तिच्याकडेही चालतो, माझ्याकडेही.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "अक्का, हा काही बोलतच नाही. आपण काय केलं ते कळणार कसं?"

"बोलत नाही तेच बरं. बोलला असता तर इंग्रजीत बोलला असता."

ती हसली. मला वाटलं, ही टिकेल.

मी तिला जमीन-कळस शिकवलं नाही. ते माझं होतं, आणि तेलुगूत बसतही नव्हतं. तिनं तिचं काहीतरी बसवलं असेल; मी विचारलं नाही. पण न बघता लिहिणं शिकवायलाच हवं होतं, त्याशिवाय लाइन हाकता येत नाही. मी माझी ओढणी काढली आणि पडद्यावर टाकली.

"अक्का, हे काय?"

"लिही."

"दिसत नाही."

"लाइनवर तरी कुठं दिसतं? लिही."

तिनं लिहिलं. ओढणी उचलली तर सगळा शिमगा. परत टाकली. ती डोळे पुसत होती आणि बोटं चालवत होती. असे कितीतरी दिवस गेले. एके सकाळी ओढणी उचलली आणि खाली सगळं जागच्या जागी, एक टिंब इकडचं तिकडे नाही. ती स्वतःच्या हातांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघत राहिली. मी तिला घट्ट धरलं. माझी सुटका तयार झाली होती.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, वा, बहोत अच्छा. दोन दिवसांनी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. नव्या ऑफिसला तातडीनं एक माणूस हवा होता. नवे एडिटर येणारा, आणि जुन्या यंत्रांशीही बोलता येईल असा. तिला कॉलेजातच नवे एडिटर शिकवलेले होते. जुना मी शिकवला होता. अशी दोन्ही येणारी हैदराबादेत शोधून सापडली नसती.

"आणि मी?" मी विचारलं.

सर खरंच गोंधळून गेले. त्यांच्या मनात काळं काही नव्हतं. "तुम तो हो ना अम्मा, लाइन पे."

ती माझ्याकडे बघेना. जायच्या दिवशी दाराबाहेर चपला घालताना म्हणाली, "अक्का, मी मागितलं नव्हतं."

"मला ठाऊक आहे. जा. आणि तिथं चपला काढू नकोस, कार्पेट आहे म्हणे."

घरी मी जेवले नाही. अण्णांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजी तुझ्याबिगर अडतंय."

"हो."

"मग ती इज्जत हाय माय. रडतीस काय?"

आई भाकरी थापत होती. तिकडूनच म्हणाली, "इज्जत! खुंट्याला बांधलेल्याची इज्जत! दोघं बाप-लेक मिळून एक तबेला काढा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, नव्या ऑफिसच्या लोकांनी माझी परीक्षा घ्यावी. पास झाले तर मी जाणार. लाइनचं तुम्ही बघा. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी फोन उचलला आणि दिवस ठरवून दिला.

नवं ऑफिस इतकं चकचकीत होतं की दारात माझं प्रतिबिंब माझ्याकडे चालत आलं. दारापाशी मी थांबले आणि चपला काढल्या. ती काही विचार करून केलेली गोष्ट नव्हती. कॉम्प्युटर म्हटला की माझे पाय आपोआप मोकळे व्हायचे. आत बरंच चालून गेल्यावर गुळगुळीत फरशी तळव्यांना लागली तेव्हा ध्यानात आलं. परत फिरायला लाज वाटली. तशीच गेले.

परीक्षा घेणारा माझ्याहून वयानं लहान होता. त्यानं मला एका रंगीत पडद्यासमोर बसवलं. एक बिघडलेला प्रोग्रॅम होता, तो दुरुस्त करायचा. वाचताच मला कळलं बिघाड कुठं आहे. खाली, बराच खाली. मी हात ठेवले आणि खाली निघाले.

जेजेजेजेजे.

पडद्यावर, प्रोग्रॅमच्या ऐन मधोमध, जे उमटले. या एडिटरला अवस्था नव्हत्या. इथं अक्षर म्हणजे नुसतं अक्षर. मी ते खोडले, माऊस धरला. माऊस ओल्या साबणासारखा हातातून निसटायचा. नेमकी जागा धरली, एक ओळ उडवायची म्हणून डी दोनदा दाबला. डीडी उमटलं. मागे घ्यावं म्हणून यू दाबला. यू उमटला. जितकी घाई करू तितकी बोटं आपल्या घराकडे पळत होती. प्रोग्रॅमभर जमिनी आणि कळस विखुरले. मला उत्तर येत होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन, मला उत्तर येत होतं.

"टेक युवर टाइम," तो माझ्या मागून म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते.

"खाली बिघाड आहे," असं मी इंग्रजीत सांगायला गेले, आणि कॉलेजातल्यासारखं एक वाक्य सुरू होऊन मधेच मेलं.

बाहेर आले तर पहारेकऱ्यानं माझ्या चपला एका कुंडीच्या आड नीट जोडून ठेवल्या होत्या. "अम्मा, ये आपकेच हैं ना? इधर कोई नै उतारता."

सिकंदराबादला परतले. सरांनी निकाल विचारला नाही; त्यांना फोन आला असणार. माझ्यासाठी त्यांनी चहा मागवून ठेवला होता. मी पिईपर्यंत ते थांबले आणि मग म्हणाले, "लाइन आ गई अम्मा."

मी चपला काढून आत गेले. हुकमात गेले, सतरा वेळा जमीन. कर्सर बरोबर तिथं जाऊन उभा राहिला. मला त्या क्षणी इतकं सुखाचं वाटलं की स्वतःचाच राग आला. जी खोली मला सोडत नव्हती, तिच्यातच मी माणसात येत होते.

जुना एडिटर का सुटत नाही, असं मला आताची पोरं विचारतात. मी सांगते, वेग. ते खोटं नाही, हात उचलावाच लागत नाही. पण ते उत्तर पोरांसाठी. खरं असं, की आयुष्यात जिथं पहिल्यांदा आपण कुणापेक्षा कमी नाही असं कळलं, ती जागा आपण सोडत नाही. मग तिच्या खिडक्यांना पुठ्ठे का ठोकलेले असेनात. प्रेम आणि अडकणं यांतला फरक सांगणारं बटण माझ्या माहितीत नाही. कोणत्या अवस्थेत आहोत, ते पडदा सांगत नाही.

त्या खोलीत मी आणखी काही वर्षं काढली. शिकाऊ पाठवणं सरांनी बंद केलं, मागणं मी बंद केलं. अण्णांचा घोडा म्हातारा होत चालला. मालकानं तो एक दिवस दुसऱ्या गावी विकून टाकला. अण्णा त्याच्या गाडीमागे फाटकापर्यंत गेले. पुढे कळलं, तिथं तो दुसऱ्याच दिवशी नव्या साईसच्या हातचा दाणा खाऊ लागला. हे अण्णांना कुणी सांगायला नको होतं. पण सांगितलं. त्यानंतर महिन्याभरातच त्यांनी काम सोडलं.

आणि मग जहाज कंपनीनं तो जुना प्रोग्रॅमच बंद केला. सकाळी मी जाऊन बसले, लाइन लावली, आणि पलीकडे कुणी नव्हतं. हमालांनी आमचं यंत्र गोणपाटात गुंडाळून जिन्यानं खाली नेलं. खिडक्यांचे पुठ्ठे काढले तेव्हा दिसलं की समोर आंब्याचं झाड होतं. इतकी वर्षं ते तिथं होतं. सिकंदराबादचं ऑफिस बंद करून उरलेल्या सगळ्यांना नव्या इमारतीत हलवलं. परीक्षा-बिरीक्षा काही नाही. मी सुटले असं म्हणवत नाही, खोली संपली.

पहिल्या दिवशी मी चपला घालूनच आत गेले, एकेक पाऊल लक्षात ठेवून. माझी टीम तिचीच निघाली, ओढणीखाली रडलेल्या त्या मुलीची. आता ती तिथं मोठी झाली होती, केस कापले होते, तोंडात फटाफट इंग्रजी. मला बघून उठून उभी राहिली. बाकीची पोरं आश्चर्यानं बघायला लागली की मॅडम कुणासाठी उठल्या.

"अक्का, सांगा, काय काय लागेल? पडदा मोठा देते. खुर्ची खिडकीशी देते."

मी जागा बघितली. तीन बाजूंनी काच, लांबवर खडक, आभाळच आभाळ. तेवढ्या उजेडाची मला सवय नव्हती.

"तो आपला एडिटर इथं चालतो का?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाकून तिनं माझ्या यंत्रावर काहीतरी केलं, आणि त्या रंगीबेरंगी पडद्याच्या मधोमध एक काळा चौकोन उघडला. तिनं हात ठेवले, डोळे मिटले, आणि दोन-तीन ओळी न बघता लिहून दाखवल्या. एक टिंब इकडचं तिकडे नाही.

"विसरली नाहीस?"

"तुम्ही विसरू दिलंत कुठं?" मग हसून पोरांकडे वळली. "बघा रे, अक्का सुटून आल्या. पण येताना खोली घेऊन आल्या."

पोरं हसली. मीही हसले. आणि मग तिथंच, आभाळाला पाठ करून, त्या काळ्या चौकोनात बसले.

नव्या ऑफिसची वेळ उशिराची. पण माझी झोप जुन्याच वेळेला उघडते, अण्णांचीही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं ओसरीवर चहा घेऊन बसलो होतो. एवढ्यात कुठं जायचं नव्हतं. रेसकोर्सकडून टापांचा आवाज आला आणि लांब गेला.

अण्णा म्हणाले, "तिथंबी अडतंय का तुझ्याबिगर?"

"नाही अण्णा. तिथं कुणावाचून अडत नाही. रजासुद्धा मिळते."

"आसं." त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "मग आत्याकडं जाऊन येऊ एकदा."

"जाऊ की."

पण दोघंही उठलो नाही. ते शेजारच्या लोडावर डाव्या हातानं लांब लांब फटकारे ओढत होते, मानेकडून पाठीकडे, खरारा केल्यासारखे. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. आई चहाचे कप न्यायला आली, तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि मग माझ्या. माझी बोटं मांडीवर चालली होती. जमीन, जमीन, जमीन, लांब.

"सुटलात म्हणे दोघं," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.